सीए वर्गात येणार म्हणजे प्राध्यापकांनी बाहेर जायचं का?

एका वाचक प्राध्यापिकेचं पत्र आलं आहे, ते थोडक्यात असं. ठाण्यातल्या एका महाविद्यालयात त्या बरीच वर्षं अकाउंटन्सी शिकवतात आणि बीएएफच्या (अकाउंटिंग-फायनान्समधल्या बी.कॉम.च्या) समन्वयक आहेत. एम.कॉम., सेट, पीएचडी असं रीतसर शिक्षण झालं आहे, मात्र कंपनीच्या हिशेबखात्यात किंवा सीएच्या ऑफिसात त्यांनी कधी काम केलेलं नाही. गेल्या वर्षी प्राचार्यांच्या आग्रहावरून वागळे इस्टेटमध्ये ऑफिस असलेल्या एका सीएंना पहिल्या सत्रातला ऑडिटिंगचा अख्खा पेपर दिला गेला. सुरुवातीला वर्ग तुडुंब भरायचा. मग तासिका रद्द व्हायला लागल्या, सप्टेंबरमध्ये तर ते जवळपास आलेच नाहीत. राहिलेला पोर्शन बाईंनी रविवारी जादा तास घेऊन संपवला. एवढं करूनही एका विद्यार्थ्याने त्यांना भर वर्गात विचारलं, "मॅडम, तुम्ही स्वतः कधी ऑडिट केलंय का?" आता येत्या जूनपासून तीन पेपर बाहेरच्या व्यावसायिकांना द्यायचे, असं प्राचार्यांच्या मनात आहे. तासिका तत्त्वावर काम करणारे दोन सहकारी धास्तावले आहेत. त्या लिहितात, "विरोध केला तर मी मागासलेली ठरते. हो म्हटलं तर माझ्याच हाताने सहकाऱ्यांचे तास काढून दिल्यासारखं होतं. आणि मुलांना खरंच त्यांच्याकडूनच जास्त मिळत असेल, तर माझी गरज काय?"

नमस्कार मॅडम,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. तो सुटला नाही तर बाकीच्या दोन्हींची उत्तरं तुम्ही घाबरतच द्याल.

अकाउंटन्सीचं खरं ज्ञान ऑफिसात असतं आणि वर्गात देतो ती त्याची पुस्तकी नक्कल, असं तुम्ही मनाशी धरून चालला आहात. मला हे पटत नाही. नेहमीचं गणित घ्या. खाली अॅडजस्टमेंट असते, 'डेटर्सवर ५ टक्के आरडीडी करा,' म्हणजे ज्यांच्याकडून पैसे यायचे त्यांतले काही बुडतील म्हणून ५ टक्के तरतूद धरा. विद्यार्थी ५ टक्के काढतो, नफा-तोटा खात्याला टाकतो, ताळेबंदात डेटर्समधून वजा करतो. गणित सुटलं. पण हे ५ टक्के ठरवले कुणी? ऑफिसात असा आकडा कुणी आयता देत नाही. एप्रिल-मेमध्ये थकबाकीची यादी समोर असते, कोण तीन महिने थकलंय, कोण वर्षभर. एक पार्टी आठ महिने पैसे देत नाही आणि मालक म्हणतो, "जुना माणूस आहे, दिवाळीपर्यंत देईल." त्याला हाच ताळेबंद बँकेला दाखवायचा असतो, म्हणून तरतूद कमी दिसली तर बरी, असं त्याला वाटतं. समोर बसलेल्या माणसाला त्या वेळी एक आकडा धरावा लागतो आणि त्याच्या बाजूने उभंही राहावं लागतं. हे पुस्तकात सापडणार नाही. ते ज्याने केलंय त्याच्याच तोंडून ऐकायला हवं.

आता याची दुसरी बाजू. तरतूद म्हणजे तिजोरीत वेगळी काढून ठेवलेली रोकड, असंच ज्या मुलाला वाटतं, त्याला या प्रसंगातून एक किस्सा मिळेल, अकाउंटन्सी मिळणार नाही. मुलं नेमकी इथे अडकतात हे तुम्हाला ठाऊक आहे. घसारा वजा होतो पण पैसा कुठे जात नाही, इथे ती अडकतात. देय खर्च एकदा खर्चात आणि एकदा देण्यांत का दिसतो, इथेही अडकतात. वीस वर्षं ऑफिस चालवणाऱ्याला हे कधी अवघड होतं याचीच आठवण उरलेली नसते. कोणत्या गोष्टीनंतर कोणती शिकवायची हे ज्ञान तुमचं आहे, आणि ते ऑफिसात मिळत नाही.

राहिला त्या विद्यार्थ्याचा प्रश्न. तुम्ही तो अपमान म्हणून घेतलात. मला वाटतं, विशीतल्या मुलाला बहुधा एवढंच जाणून घ्यायचं होतं की हे काम करणारी माणसं कोण असतात आणि आपल्याला ते जमेल का. पुढच्या वेळी सरळ सांगा, "नाही, मी ऑडिट केलेलं नाही. ऑडिट समजायला आधी काय पक्कं लागतं ते मी शिकवते. ते करणारा माणूस अमुक तारखेला वर्गात येणार आहे, त्याला काय विचारायचं ते आपण आज ठरवू." त्या मुलाला तुमच्याबद्दल वाटणारा आदर अशा उत्तराने कमी व्हायचा नाही.

गेल्या वर्षी जे बिनसलं त्याला मी त्या सीएंचा बेजबाबदारपणा म्हणणार नाही. तुमच्या कॉलेजने टाइमटेबल करताना त्यांचं कॅलेंडर पाहिलंच नाही. दर महिन्याची ७ तारीख टीडीएस भरायची, ११ जीएसटीच्या पहिल्या रिटर्नची, २० तारीख ३-बी या जीएसटीच्याच दुसऱ्या रिटर्नची. जुलैचा दुसरा पंधरवडा पगारदारांच्या रिटर्नमध्ये जातो. ३० सप्टेंबरला टॅक्स ऑडिटची मुदत असते आणि कंपन्यांच्या वार्षिक सभांची अखेरची तारीखही तीच. मुदतवाढ मिळाली तर ऑक्टोबरही हातचा जातो. नेमक्या याच महिन्यांत आपलं पहिलं सत्र संपत आलेलं असतं आणि पोर्शनची घाई असते. आठवड्याला चार तासिका असलेला पेपर अशा माणसाला जून ते ऑक्टोबर देणं म्हणजे त्याला आधीच नापास करून ठेवणं.

म्हणून अख्खा पेपर द्यायचाच नाही, हे माझं स्पष्ट मत आहे. एका पेपरात दोन किंवा तीन जागा निवडा, जिथे नियम संपतो आणि विवेक सुरू होतो. तेवढ्यापुरतं त्यांना बोलवा. दिवस निवडताना पहिल्या सत्रात जूनचा शेवटचा आठवडा ते जुलैची सुरुवात बरी, त्यातही ७ आणि ११ टाळून. दुसऱ्या सत्रात जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारी सगळ्यात चांगला. मार्चमध्ये वर्षअखेर, एप्रिलमध्ये बँक शाखांची ऑडिटं. त्या दोन महिन्यांत कुणाला विचारूही नका. कंपनीत नोकरी करणाऱ्यांचं गणित वेगळं, त्यांचा महिन्याचा पहिला आठवडा क्लोजिंगमध्ये, म्हणजे मागच्या महिन्याचे हिशेब बंद करण्यात जातो, मधले दिवस मोकळे मिळू शकतात.

आता बोलवायचं कशासाठी? बहुतेक कॉलेजं सीएंना 'लेटेस्ट अपडेट्स' द्यायला बोलावतात. त्यांच्या वेळेचा याहून वाया जाणारा उपयोग मला दिसत नाही. १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा, लागू १ एप्रिल २०२६ पासून. कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिलीच पाहिजे, हा नियम १ एप्रिल २०२३ पासून. ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ई-इनव्हॉइस १ ऑगस्ट २०२३ पासून. हे सगळं तुम्ही वाचून शिकवू शकता, आणि बहुधा जास्त नीट शिकवाल. सीएंना विचारा की ती बदलांची नोंद ठेवणारी एडिट लॉगची सोय सुरू झाल्यावर क्लायंटच्या ऑफिसात काय झालं, मागच्या तारखेला एन्ट्री टाकायची सवय असलेला अकाउंटंट काय म्हणाला, आणि ऑडिटर म्हणून त्यांनी तो लॉग उघडून नेमकं काय पाहिलं.

ऑडिटिंगमध्येच एक जागा सुचवते. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम या आयटी कंपनीच्या रामलिंग राजूंनी पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदात दाखवलेली ५,०४० कोटी रुपयांची रोकड आणि बँकशिल्लक अस्तित्वातच नव्हती. हा धडा तुम्ही शिकवतच असाल. बाहेरून पुष्टी घेण्याबद्दलचं एसए ५०५ हे ऑडिटिंगचं मानक सुद्धा शिकवत असाल. या दोन्हींनंतर सीएंना एका तासासाठी आणा आणि त्यांच्याकडून फक्त एवढंच दाखवून घ्या: बँकेला पुष्टीचं पत्र कोण लिहितं, ते कोण पाठवतं, उत्तर थेट ऑडिटरकडेच का यायला हवं, आणि क्लायंट "मीच आणून देतो ना" म्हणाला तर काय करायचं. मुलांना तो नियम कशासाठी आहे ते आयुष्यभर लक्षात राहील.

आणि फक्त सीएंमागे धावू नका. तुम्ही ठाण्यात आहात, ट्रान्सहार्बर लोकलने थोड्या वेळात पलीकडे पोहोचता. रबाळे-महापेच्या एखाद्या कारखान्यातला कॉस्ट अकाउंटंट ओव्हरहेडची (अप्रत्यक्ष खर्चांची) वाटणी शिकवायला जेवढा उपयोगी, तेवढा ठाण्यातला नामवंत सीए नाही. ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये परदेशी कंपन्यांच्या जमाखर्चाचं काम करणारी तुमचीच माजी विद्यार्थिनी असेल, तिला बोलवा. मुलांना ती स्वतःपासून फार लांबची वाटणार नाही. बँकेत कर्ज विभागात आयुष्य घालवलेला निवृत्त अधिकारी ताळेबंद देणाऱ्याच्या नव्हे तर वाचणाऱ्याच्या बाजूने दाखवेल, आणि त्याला ३० सप्टेंबरची भीती नाही. कन्साइनमेंटचं, म्हणजे दुसऱ्याकडे विकायला पाठवलेल्या मालाचं, प्रकरण शिकवत असाल तर वाशीच्या एपीएमसीत एखाद्या पेढीवर वर्षानुवर्षं वह्या लिहिणाऱ्या अकाउंटंटला आणा. माल पाठवणाऱ्याला तो जी पट्टी करतो, तिच्यात वजन, भाव, हमाली, तोलाई, मोटारभाडं सगळं असतं. ती एकदा हातात घेतली की अकाउंट सेल्सचा, म्हणजे विक्रीच्या हिशेबपत्रकाचा, नमुना पाठ करावा लागत नाही. त्याच्या नावापुढे पदवी नसेल, भाषण येत नसेल. तुम्ही शेजारी बसून प्रश्न विचारा, तो उत्तरं देईल. अशा माणसाला कॉलेजात सन्मानाने बोलावलं जावं असं मला मनापासून वाटतं.

'शेजारी बसून' हे मी सहज लिहिलेलं नाही. बाहेरचा माणूस शिकवत असताना तुम्ही स्टाफरूममध्ये असाल, तर तो तास वाया गेला म्हणून समजा. आधीच्या दोन तासिकांत तुम्ही पाया घालायचा, त्या दिवशी वर्गात थांबून मध्येमध्ये "हे आपण कुठल्या खात्यात पाहिलं?" असं विचारत राहायचं, नंतरची एक तासिका ऐकलेलं नियमांशी जोडायला ठेवायची. आपल्या वर्गात दिव्याहून, बदलापूरहून, शहापूरहून आलेली मराठी माध्यमाची मुलं असतात. व्यावसायिक बोलताना सुटतात, संक्षेपांवर संक्षेप येतात, आणि ही मुलं हात वर करत नाहीत. त्यांच्यासाठी थांबवणारं माणूस तुम्ही.

कागद दाखवायचे असतील तर एक काळजी घ्या. क्लायंटची माहिती त्याच्या संमतीशिवाय उघड करणं हा सीएंसाठी व्यावसायिक गैरवर्तनाचा भाग आहे, त्यामुळे खऱ्या फायली मागून त्यांना अडचणीत आणू नका. नुसतं नाव खोडून भागत नाही. जीएसटी क्रमांकाची पहिली दोन अक्षरं राज्याची, महाराष्ट्राला २७, आणि पुढची दहा म्हणजे सरळ पॅन; पोर्टलवर तो क्रमांक टाकला की धंद्याचं नाव समोर येतं. सगळ्यात बरं म्हणजे सीएंनी प्रसंग सांगावा, आकडे तुम्ही बदलावेत आणि दोघांनी मिळून एक कल्पित फर्म उभी करावी. ते काम एकदा झालं की अनेक वर्षं पुरतं.

पैशांबद्दल कॉलेजं संकोच करतात. "समाजसेवा म्हणून या" असं कुणालाही म्हणू नका. मानधन थोडं असलं तरी ते आधी सांगितलेलं असावं, वेळेवर मिळावं, आणि सोबत कॉलेजचं पत्र असावं. फुकट येणाऱ्याला ऐनवेळी फोन करून "आज जमणार नाही" म्हणणं फार सोपं जातं. प्रॅक्टिस करणाऱ्या सीएंना शिकवायला त्यांच्या इन्स्टिट्यूटची (आयसीएआयची) मुभा आहे. सगळीकडचे मिळून प्रत्यक्ष शिकवण्याचे तास आठवड्याला २५ च्या वर जाऊ नयेत अशी अट आहे, तुमच्या दोन-तीन तासांनी काही बिघडत नाही. नोकरी करणाऱ्यांनी मात्र आपल्या कंपनीची परवानगी घेतलेली बरी. आणि वर्गातून कोचिंग क्लासची जाहिरात करायची नाही, हे पत्रातच लिहा. आर्टिकलशिपसाठी (सीए होताना ऑफिसात करायच्या उमेदवारीसाठी) मुलं निवडायची असतील तर ते वर्गाबाहेर, सगळ्यांना कळवून.

आता तुमचे दोन सहकारी. पत्रातला मला सगळ्यात गंभीर वाटलेला भाग हा आहे, आणि तुम्ही तो दोन ओळींत उरकलात. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्याचं घर तासांवर चालतं. त्याच्या भीतीला मत्सर म्हणणं अन्यायाचं होईल. बाहेरचा माणूस येणार तो त्यांच्या वर्कलोडमधून एकही तासिका न घेता, हे प्राचार्यांकडून लेखी घ्या. तुमच्या हातात एक आधार आहे. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२२ मध्ये व्यावसायिकांना अध्यापनासाठी नेमण्याची, 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस'ची, मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत किमान १५ वर्षांचा अनुभव अपेक्षित आहे, पदवीची सक्ती नाही, संख्या मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत, आधी एक वर्ष आणि जास्तीत जास्त तीन, अपवाद म्हणून चौथं. आणि त्याच तत्त्वांत हेही म्हटलं आहे की या नेमणुका मंजूर पदांच्या बाहेरच्या असतील, नियमित अध्यापकांच्या भरतीवर त्यांचा परिणाम होणार नाही. तुम्हाला दोन-तीन तासांसाठी अशी नेमणूक करायची गरज नाही. पण खुद्द यूजीसीने शिक्षकांच्या जागी व्यावसायिक असं म्हटलेलं नाही, हे प्राचार्यांसमोर ठेवता येईल. अमेरिकेतही २०१२ मध्ये अकाउंटिंगच्या शिक्षणावरच्या पाथवेज कमिशनच्या अहवालाने व्यावसायिक पार्श्वभूमीच्या शिक्षकांना अध्यापनात अधिक सामावून घ्या असं सांगितलं, आणि त्याच वेळी प्राध्यापकांचं संशोधनही व्यवहाराच्या जवळ यावं अशी अपेक्षा केली. तिथेही ये-जा दोन्ही बाजूंनी धरली होती.

ती दुसरी बाजू आपल्याकडे कुणी बोलत नाही. सीए वर्गात येऊ शकतात, तर तुम्ही आणि ते दोन सहकारी ऑफिसात का जाऊ नये? मे महिन्यात दहा-बारा दिवस एखाद्या ऑफिसात बसा. व्हाउचिंग (नोंदी पावत्यांशी पडताळणं) पाहा, बँक जुळवणी करा, आर्टिकल्सच्या शेजारी बसून त्यांना काय येत नाही ते टिपून ठेवा. ती टिपणं म्हणजे तुमच्या पुढच्या वर्षाच्या तासिका. ३१ मार्चला साठा मोजायला ऑडिटरबरोबर गोदामात जायची संधी मिळाली तर सोडू नका, आणि शक्य असेल तर दोन विद्यार्थी सोबत न्या. 'अखेरचा साठा ८०,००० रुपये' ही ओळ गणितात छापलेली असते. ती ओळ येते कुठून हे त्या दिवशी कळतं. सहकाऱ्यांना या अनुभवाचं प्रमाणपत्र मिळेल असं पाहा. उद्या दुसरीकडे मुलाखतीला गेले तर त्यांच्या हातात काहीतरी असेल.

परीक्षेचे पेपर तपासायचं ओझं पाहुण्यांवर टाकू नका, ते होत नाही. अंतर्गत गुणांसाठी दहा मिनिटांची व्हायवा (तोंडी परीक्षा) मात्र त्यांना घेऊ द्या. तुमच्याकडे एम.कॉम. असेल तर नव्या शैक्षणिक धोरणातल्या ऑन जॉब ट्रेनिंगसाठी तुम्ही दरवर्षी जागा शोधत असणारच. वर्गात येऊन गेलेला माणूस विद्यार्थ्यांना ओळखतो, तो नाही म्हणायची शक्यता कमी.

प्राचार्यांकडे नकार घेऊन जाऊ नका, तीन पेपरांचाच आराखडा घेऊन जा. प्रत्येक पेपरात कुठली दोन प्रकरणं, कोण येणार, कुठल्या आठवड्यात, आधीच्या आणि नंतरच्या तासिका कोण घेणार, मानधन किती, असं एका पानावर. त्यांना बाहेरच्या जगाशी नातं हवं आहे, ते या पानावर गेल्या वर्षीपेक्षा ठळक दिसेल, आणि सप्टेंबरमध्ये रिकामा वर्ग दिसणार नाही. तरीही त्यांनी अख्खे पेपर द्यायचाच हट्ट धरला, तर निदान ते दुसऱ्या सत्रातले असावेत, पोर्शन मार्चच्या आधी संपेल असं वेळापत्रक असावं आणि प्रत्येक पेपरला तुमच्यापैकी एक जण सह-शिक्षक म्हणून नोंदलेला असावा, यावर अडून राहा. त्या सह-शिक्षकाचे तास वर्कलोडमध्ये धरले जायला हवेत.

गेल्या वर्षीच्या सीएंना पुन्हा बोलवायचं की नाही, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मी तरी बोलवेन. सुरुवातीच्या तासिकांना वर्ग भरला होता, म्हणजे त्यांच्याकडे सांगण्यासारखं आहे. या वेळी त्यांना ऑडिटिंगमधले फक्त दोन तास द्या, आणि मे महिन्यात तुम्ही तिघांनी त्यांच्या ऑफिसात येऊन बसायचं का, हे त्याच फोनवर विचारा. फोन मार्च उजाडायच्या आत करा.